जिन्याच्या गेटचे पैसे कोणी द्यायचे?

माझी नात दहा महिन्यांची आहे. रांगते, धरून उभी राहते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. मुलगा आणि सून पुण्यात वाकडला राहतात, दोघांचीही नोकरी. सुनेची बाळंतपणाची रजा संपली तशी नात महिन्यातले काही दिवस आमच्याकडे कऱ्हाडला आणि काही दिवस आजोळी, पलूस तालुक्यातल्या एका गावात राहू लागली. ती रांगायला लागल्यावर मुलाने दोन्ही घरांना मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. जिन्याला गेट, गाडीतली बेबी सीट, उंच खुर्ची, प्लगच्या भोकांची झाकणं, कपाटांची कुलपं, टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचं रबर, बाथरूममधलं मॅट, रात्री बघायला कॅमेरा. प्रत्येक वस्तूसमोर लिंक होती. कोणती वस्तू कशाला हवी तेही नीट लिहिलं होतं. पैसे कोणी द्यायचे, एवढंच लिहिलं नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आमचे हे पाटबंधारे खात्यात. दोघांनाही पेन्शन आहे, घर स्वतःचं आहे. त्यामुळे यादी बघून मला काही घाम फुटला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाईंचा फोन आला.

"ताई, तुम्ही काय काय घेणार ते आधी सांगा. म्हणजे आम्ही पण तसंच आणून ठेवतो. आमच्याकडं काही कमी पडलं असं नको व्हायला."

मी म्हटलं, अहो, घाई काय आहे? तर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात भिशीचा नंबर लागतोय, त्यात थोडे घालून होऊन जाईल. त्यांचे यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएस-९५ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्या कामगारांची पेन्शन काय असते ते ज्यांच्या घरात येते त्यांना सांगायला नको. २०१४ साली त्या योजनेत किमान पेन्शन ठरली ती महिना १००० रुपये. त्यांना तीन हजारांच्या आत मिळते. दीड एकर रान, दोन म्हशी. आणि यादीतल्या लिंका उघडून मी बेरीज केली तर ती पंचवीस हजारांच्या पुढे गेली.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, आम्ही पैसे मागितलेच नाहीत. नुसती यादी पाठवली."

त्याच्या मनात काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण जावयाने पाठवलेली यादी मुलीचे आईवडील नुसती यादी म्हणून वाचूच शकत नाहीत. लग्न ठरल्यापासून त्यांच्या हातात आलेली प्रत्येक यादी त्यांनी पुरी केलेली असते. मुलाच्या लग्नाच्या वेळी आम्ही देणंघेणं केलं नाही, हुंडा नाही, मानपान नाही, हे खरं. तरीही त्या माणसांची सवय जात नाही, कारण आजूबाजूचं जग तेच आहे. मी मुलाला सांगितलं, आजच्या आज त्यांना फोन कर आणि स्पष्ट सांग की यातलं एकही तुम्ही घ्यायचं नाही. सुनेने केला. तिच्या आईला आधी ते पटेना. तिला वाटलं, आपण गरीब म्हणून जावई असं म्हणतोय. समजूत काढायला दोन-तीन दिवस गेले.

म्हणून हे लिहायला बसले आहे. हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाही. माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात, जिथे तरुण जोडपं शहरात आणि आजी-आजोबा गावात आहेत, तिथे तो आहे, आणि कोणीच तो मोठ्याने बोलत नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. दवाखान्याचं बिल पुष्कळदा मुलीच्या वडिलांकडे जातं. पाळणा माहेरचा, बाळंतविडा माहेरचा, उष्टावणाचा घास मामाच्या हातचा, जावळ मामाच्या मांडीवर, वाळे आणि कडदोरा आजोळचा. यातली माया मला मान्य आहे. मामाच्या मांडीवर बसून जावळ काढताना रडणारं पोर आणि त्याला चुचकारणारा मामा बघून कोणाला बरं वाटणार नाही? पण या रांगेत आता नवीन वस्तू येऊन उभ्या राहायला लागल्या आहेत. आमच्याच पेठेत एका बारशाला गेले होते. पाळण्याशेजारी आहेराच्या टेबलावर प्रॅम आणि कारची बेबी सीट मांडून ठेवली होती, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. बायका हात लावून किंमत विचारत होत्या. मुलीची आई कोपऱ्यात उभी राहून आकडा सांगत होती. ती सीट मुलाच्या गाडीत बसते की नाही हे कोणी बघितलं नव्हतं. सुरक्षेची वस्तू आहेराच्या टेबलावर गेली की ती आधी आहेर होते आणि मग राहिली तर सुरक्षा.

आणि यात एक उघड अन्याय आहे, जो मला दोन्ही बाजूंनी दिसला, कारण मला लेकही आहे आणि सूनही आहे. थोरली मुलगी ठाण्याला. तिचा मुलगा लहान होता तेव्हा तो इकडे यायचा म्हणून लागेल ते सगळं आम्ही घेतलं आणि ते आम्हीच घ्यायचं यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आम्ही माहेर होतो ना. आता मुलाची मुलगी आली तर माझ्या नणंदबाई म्हणतात, "आता तुला कशाचा खर्च, सुनेच्या माहेरचं येईल." घर तेच, जिना तोच, रांगणारं पोर तेवढंच. मग मुलीच्या मुलासाठी आम्ही द्यायचं आणि मुलाच्या मुलीसाठीही तिच्या आईकडच्यांनीच द्यायचं, हा कुठला हिशोब? यात कुठेही बाळाचा विचार नाही. फक्त देणारा कोण हे जन्माआधीच ठरलेलं आहे.

माझं मत असं. जी वस्तू बाळाबरोबर फिरते, ती बाळाच्या आईबापाने घ्यावी, मग बाळ कोणाकडेही जावो. जी वस्तू घराच्या भिंतीत, जिन्याला, वायरिंगला कायमची बसते, ती घर ज्याचं त्याने करावी, पण त्याला झेपत असेल तरच. झेपत नसेल तर तीही बाळाच्या आईबापाने करून द्यावी, आणि गाजावाजा न करता. माहेर आणि सासर हा भेद यात मुळीच आणू नये. मिळवते हात त्यांचे आहेत, मूल त्यांचं आहे, आणि अमुकच पाहिजे हा आग्रहही त्यांचाच आहे.

आग्रह चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. "आम्ही नाही का वाढवली चार-चार पोरं" हे वाक्य मला आवडत नाही. वाढलेली पोरं बोलायला असतात, न वाढलेली नसतात. माझ्या लहानपणी आमच्या गावात एक मूल अंगणातल्या हौदात गेलं होतं. त्या घरातली माणसं पुढे कित्येक वर्षं अंगणात बसत नव्हती. तेव्हा सुरक्षेला मी थिल्लरपणा म्हणणार नाही. मला फक्त एवढं म्हणायचंय की कोणत्या घराला काय हवं हे त्या घरात उभं राहून बघावं लागतं.

आमच्या जिन्याचंच बघा. घर जुनं, सोप्यातून माडीवर जाणारा लाकडी जिना, वर दार नाही. मुलाने लिंकेतलं गेट मागवून दिलं. ते भिंतींच्या मध्ये दाबून बसवायचं, स्क्रू नाही, खिळा नाही. दोन्ही बाजूंना रबरी चकत्या, त्या फिरवून आवळायच्या. फ्लॅटच्या सिमेंटच्या भिंतीत ते घट्ट बसत असेल. आमच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, वरून चुन्याचा गिलावा. चकती आवळली की गिलाव्याचा पोपडा सुटायचा. शिवाय त्या गेटला खाली एक आडवी पट्टी असते, चौकट एकसंध राहावी म्हणून. जिन्याच्या तोंडाशी ती पट्टी म्हणजे यांच्यासारख्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सरळ खाली घालवणारा अडथळा. ते दाबून बसवायचं गेट जिन्याच्या वरच्या टोकाला वापरूच नये असं पुष्कळशा कंपन्या स्वतःच माहितीपत्रकात लिहितात. वाचतं कोण?

शेवटी आम्ही ते परत पाठवलं आणि ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. तो आला, त्याने जिन्याच्या लाकडी खांबाला हात लावून बघितला, म्हणाला, काकू, खांब सागाचा आहे, बिजागरी यालाच मारू. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. गज उभेच हवेत, आडवे नकोत, कारण आडव्या गजांची पोरं शिडी करतात. दोन गजांमधलं अंतर अडीच इंचांच्या वर नको, नाहीतर अंग जातं आणि डोकं अडकतं. आणि गेट माडीच्या बाजूला उघडलं पाहिजे, जिन्यावर नाही. कडी त्याने बाहेरच्या अंगाला वर लावून दिली, मोठ्या माणसाने वाकून काढायची. लोखंड किलोवर, मजुरी वेगळी, सगळं मिळून तीन हजारांच्या थोडं आत. ते पैसे आम्ही दिले. मुलगा गूगल पे करतो म्हणत होता, मी नको म्हटलं. गेट आमच्या घराला बसलंय. उद्या थोरलीचा मुलगा येईल, शेजारची पोरं येतील, आणि खरं सांगायचं तर अंधारात बाथरूमला उठल्यावर आम्हालाही त्याचा आधार होतो.

विजेचंही तसंच. यादीत प्लगच्या भोकांची प्लास्टिकची झाकणं होती. दोनशे रुपयांना पंधरा-वीस येतात. आमचा वायरमन म्हणाला, काकू, ही झाकणं पोरगी नखाने काढेल आणि तोंडात घालेल, त्यापेक्षा खालचे सगळे सॉकेट शटरवाले घ्या. शटरवाल्या सॉकेटच्या भोकांत आत पडदा असतो, पिन नीट आत जाईल तेव्हाच तो सरकतो, नुसती काडी किंवा तार घातली तर नाही. आणि मग त्याने मेन बोर्ड उघडला आणि गप्प झाला. घराला धड अर्थिंगच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही त्यात राहिलो. परसात खड्डा घेऊन, कोळसा आणि मीठ भरून अर्थिंग केलं, आणि बोर्डात तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. साधा एमसीबी वायर तापून जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक बसताना जेवढासा करंट अंगातून गळतो तो एमसीबीला जाणवत नाही. आरसीसीबीला जाणवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पुरवठा तोडतो. त्याच्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघायचं असतं. दाबलं की अख्खं घर बंद पडलं पाहिजे.

हा खर्च सगळ्यात मोठा झाला, आणि तो यादीत नव्हताच. तोही आम्हीच केला आणि करायलाच हवा होता. पलूसकडच्या घरातही तीच गत असणार हे उघड होतं. तिथे मुलगा स्वतः गेला, वायरमन बरोबर घेऊन. सासऱ्यांना सांगितलं, "पप्पा, हे मी माझ्यासाठी करतोय, मी इथे राहायला आलो की मला झोप लागली पाहिजे." त्यांनी फार नको-नको केलं नाही. जावयाने सासरच्या घरात पैसे घातले तर लोक काय म्हणतील, ही भीती त्यांना होती. गावात कोणी काही म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

गाडीतली सीट हा वेगळाच मुद्दा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४ ब आहे. चौदा वर्षांखालचं मूल पट्टा किंवा मुलांसाठीची सीट न लावता गाडीत बसवलं तर १००० रुपये दंड. दंडाचं सोडा, पुणे-कऱ्हाड रस्त्यावर खंबाटकी घाट आहे, रात्रीचे ट्रक आहेत. मांडीवर बाळ घेऊन पुढच्या सीटवर बसलेल्या बायका मी रोज बघते. गाडी आदळली की आईच्या हातात ते बाळ धरून ठेवायचं बळ राहत नाही, आणि पुढची एअरबॅग उघडली तर ती थेट बाळाच्या डोक्यावर येते. सीट हवीच, मागच्या बाकावर हवी, आणि एवढ्या लहान बाळाची सीट मागे तोंड करून हवी. पण प्रत्येक आजी-आजोबांच्या घरी एकेक कशाला? नात पुण्याहून येते ती त्याच सीटमध्ये येते. मुलगा तिला सोडून परत जाताना सीट इथेच ठेवतो, आमच्या जुन्या गाडीत ती पट्ट्याने बांधता येते. बांधायची कशी ते यांना त्याने अंगणात उभं राहून दाखवलं आणि मग यांच्याकडून दोनदा करून घेतलं. एक सीट, एक खर्च, आणि तो ज्यांचं मूल त्यांचा.

पलूसकडे तर गाडीच नाही. मोटारसायकल आहे. त्यांच्या यादीत कारची सीट आली, कारण दोन्ही घरांना एकच मजकूर गेला. त्या घराला जे खरं लागू होतं ते कोणी लिहिलंच नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांवरच्या बाळाला मापाचं हेल्मेट आणि ताशी चाळीसच्या आत वेग, असा केंद्राचा नियम २०२२ साली निघाला आणि पुढच्या वर्षापासून लागू झाला. मी म्हणते, एवढ्या लहान बाळाला दुचाकीवर नेऊच नये. पण दवाखाना सात किलोमीटरवर असेल आणि रिक्षा मिळत नसेल तर माणूस काय करणार? सुनेने तो पट्टा आणि हेल्मेट घेऊन दिलं, आणि गावातल्या एका रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. त्याला सांगून ठेवलंय, आजोबांचा फोन आला की आधी ये, पैसे आम्ही पुण्याहून पाठवू.

आता ज्याला पैसे पडत नाहीत ते. याबद्दल मला फार बोलावंसं वाटतं, कारण घरातले पुष्कळसे धोके इथे असतात. विळी. आमच्याकडे आजही भाजी विळीवर चिरतात, जमिनीवर बसून. चिरून झालं की पान मिटून विळी खुंटीला, क्षणभरही खाली नाही. पाटा-वरवंट्यातला वरवंटा उभा ठेवायचा नाही. देवघर आमचं जमिनीलगत, समई आता वरच्या कोनाड्यात गेली, वाईट वाटलं पण गेली. झोपाळ्याच्या कड्या बाळाची बोटं चेंगरतात, म्हणून ती आली की झोपाळा साखळीसकट वर बांधून ठेवतो. बाथरूममध्ये बादली पालथी. तान्ह्या पोराला बुडायला वीतभरही पाणी लागत नाही, डोकं जड असतं, तोंडावर पडलं की उठता येत नाही. शेंगदाण्याचा डबा फळीवर. आपल्याकडे मुलांच्या श्वासनळीत अडकलेला दाणा काढायची वेळ डॉक्टरांवर नेहमी येते. रिमोटमधले आणि वजनकाट्यातले चपटे सेल चिकटपट्टीने बंद केले, कारण तो सेल घशाखाली अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. शेतावरच्या घरात फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं, ते तर घरातच नको.

आणि आमच्या गोळ्या. हे सर्वांत महत्त्वाचं आहे आणि हे कोणत्याच लिंकेत नसतं. यांच्या साखरेच्या गोळ्या, माझ्या बीपीच्या, आठवड्याच्या सात खणांच्या डबीत, जेवणाच्या टेबलावर. ती डबी बाळाला खुळखुळ्यासारखी वाटते. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की एकच गिळली तरी बाळाची साखर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. आता डबी गोदरेजच्या कपाटात, किल्ली कनवटीला.

यातल्या कशालाही रुपया लागत नाही, पण रोज लागतं ते लक्ष. विळी प्रत्येक वेळी उचलायची, बादली प्रत्येक वेळी पालथी करायची, दुपारी डोळा लागत असला तरी लावायचा नाही. हा खर्च कोण करतं? आजी करते. पलूसच्या आजी धार काढून, स्वयंपाक करून, वर हे करतात. कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे आहे, २०१७ पासून. त्यानंतर पाळणाघर. वाकडमधल्या पाळणाघराची फी सुनेने मला सांगितली, ती तिच्या वडिलांच्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढी आहे, एका महिन्याची. ती वाचते कारण दोन म्हाताऱ्या जागतात. मग जिन्याच्या गेटचे पैसेही म्हातारीनेच द्यावेत असं म्हणवतं तरी कसं? मी हे मुलाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या महिन्यापासून त्याने पलूसच्या घरी महिन्याचा किराणा सुरू केला. सुनेच्या आईने आधी दुकानदाराला परत न्यायला सांगितलं होतं. मग घेतला.

हौसेचं म्हणाल तर हौस जरूर असावी. आजोबांना नातीसाठी काहीतरी आणावंसं वाटतं, त्यांना कोणी अडवू नये. सुनेच्या भावाने वॉकर आणला होता, चाकांचा, गाणी वाजवणारा. मामाची हौस. पण वॉकर मात्र आम्ही वापरला नाही. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे, कारण त्यात बसलेलं मूल जिन्यावरून खाली जातं आणि मोठ्या माणसाला धावायलाही वेळ मिळत नाही. चालायला लवकर येतं हेही खरं नाही. आमच्या घरात तर दर दाराला उंबरा आहे. त्या मुलाला मी समजावून सांगितलं, तो समंजस आहे, त्याने तो बदलून ढकलत चालायची लाकडी गाडी आणली. नात ती रोज ढकलते आणि तिचा फोटो काढून मामाला पाठवला जातो.

आमच्या भावकीत एक सागवानी पाळणा आहे. कोणाचा ते आता कोणालाच माहीत नाही. ज्या घरी बाळ, त्या घरी पाळणा. नेताना पुसून न्यायचा, आणताना दोर बदलून आणायचा, एवढाच नियम. त्याच्या बाजूच्या दांड्यांमधलं अंतर जरा जास्त होतं, म्हणून या खेपेला सुताराकडून मध्ये पट्ट्या मारून घेतल्या. उंच खुर्ची, गादीचा कठडा हे सगळं त्या पाळण्यासारखं फिरवता येईल. मी आमच्या महिला मंडळात हे मांडलं आहे. दोन खुर्च्या आणि एक खाटेचा कठडा जमा झालेत, माझ्या माडीवर ठेवलेत. कारची सीट मात्र अशी फिरवायची नाही. ती कधी अपघातातून गेली आहे का हे बघून कळत नाही, आणि बऱ्याच सीटवर वापराची मुदत छापलेली असते.

माझी भाची न्यू जर्सीला असते. ती दर दोन वर्षांनी तीन आठवडे येते आणि दर वेळी तिच्या आईची धांदल उडते, खुर्ची आण, सीट आण, गादी बदल. मागच्या खेपेला भाचीने सीट विमानातून सोबत आणली. बऱ्याच विमान कंपन्या बाळाची कारची सीट सोबत न्यायचे वेगळे पैसे घेत नाहीत. माझ्या बहिणीला निम्मी काळजी कमी झाली. डॉलरमध्ये मिळवणाऱ्यांनी निवृत्त आईबापांना खरेदीची यादी पाठवण्याआधी आपल्या बॅगेत काय मावतंय ते बघावं.

आमच्याकडे आता एकच काम राहिलंय, परसातल्या हौदाचं. लोखंडी जाळीचं झाकण करावं की हौदच बुजवावा, यावर यांचं आणि माझं एकमत होत नव्हतं. यांना उन्हाळ्यात पाण्याची भीती. शेवटी जाळीचं झाकण आणि त्याला कुलूप असं ठरलं. मुलगा म्हणतो निम्मे मी देतो. मी त्याला सांगितलं, ते निम्मे पलूसच्या विहिरीच्या कठड्याला लाव, तो एका बाजूने ढासळलाय. गवंडी गुरुवारी तिकडे जातोय, आमच्याकडे त्यानंतर. तोवर आमचा हौद रिकामा ठेवला आहे.